एक काच राहू द्या

सोमवार, ता. १२ नोव्हेंबर १९२३. विसरवाडी

आज बिऱ्हाड लागले! नवापूर स्टेशनावर सकाळी उतरलो. बैलगाडीवाल्याने सागाच्या रानातून असे हलवत आणले की बहिणीने डब्यात भरून दिलेल्या सांजोऱ्यांचा निम्मा भुगा झाला. तरी भुगाही गोडच लागला.

देवी टोचणाऱ्याच्या नोकरीत आजवर मला कधी देवळाच्या ओवरीत, कधी चावडीत मुक्काम करावा लागला. यंदा लोकल बोर्डाने चक्क बंगला दिला आहे. लाकडाच्या एका ठेकेदाराने तो बांधला आणि चार-पाच वर्षांपूर्वी सोडला. लाल विटांच्या भिंती, एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर. गावापासून थोडा लांब, सडकेच्या अंगाला. आणि खिडक्यांना काचा! या मुलखात असली हौस कोणी केलेली मी पाहिली नव्हती. चार खिडक्या, एकेकीला चार तावदाने, बाहेरून लोखंडी गज. मात्र सोळांपैकी अकरा तावदाने फुटलेली आहेत. माकडांचा प्रताप असावा. वारा सरळ आत येतो आणि दिव्याची ज्योत आडवी होते.

पाणी भरायला आणि झाडलोट करायला हिरीबाई नावाची एक म्हातारी ठरवून दिली आहे. घरी ती मावची बोलते, माझ्याशी अहिराणीत. मी शहाद्याकडचा, म्हणून मला तेवढाच घरच्या बोलीचा आधार. तिने मला ‘डाक्तरभाऊ’ केले आहे. मी डॉक्टर नाही हे तिला दोनदा सांगितले. तिने दोनदा मान हलवली.

गुरुवार, ता. १५ नोव्हेंबर

तीन दिवसांत चार पाडे फिरलो. माझी पेटी दिसली की बाया पोरे काखोटीला मारून शेतात पळतात. एका घरात तर चुलीवर भाकरी तशीच जळत होती आणि घरात माणूस नाही. मी ती उतरवून ठेवली आणि निघालो. संध्याकाळी परत येतो तेव्हा दिवसभरात कोणाशी चार वाक्ये बोललेलो नसतो.

थंडी वाढली आहे. बोर्डाला खिडक्यांविषयी लिहिले होते. नवापूरच्या मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेला याकूब नावाचा मिस्त्री रविवारी चर्च आटोपून येणार आहे.

रविवार, ता. १८ नोव्हेंबर

याकूब बोलघेवडा आणि हाताचा फार सफाईदार. टोकाला हिऱ्याची कणी बसवलेल्या हिरकणीने काच अशी कापतो की नुसता ‘कर्र’ आवाज होतो आणि तुकडा हातात. त्याने मलाही कामाला लावले. खडूची पूड जवसाच्या तेलात मळायची, पुरीच्या कणकेसारखी घट्ट झाली की लांबी तयार. काच चौकटीत बसवायची, बारीक चुका ठोकायच्या आणि वर अंगठ्याने लांबी दाबत जायची. इथला वारा पाहून त्याने बाहेरून भरली तशी आतूनही भरली. सुकायला पंधरा दिवस लागतात, तोवर बोट लावू नका, म्हणाला.

दहा तावदाने झाली. सडकेकडच्या खिडकीतले एक राहिले असता हिरीबाई घागर घेऊन आली, आणि घागर खाली न ठेवताच म्हणाली, “एक काच राहू द्या, डाक्तरभाऊ. तिले वाट देखनी पडस.”

तिले म्हणजे कोणाला, विचारले. ती घागर घेऊन स्वयंपाकघरात गेली. याकूब हसला, मीही हसलो, आणि अकरावे तावदान बसवले. उरलेली काच आणि लांबीचा डबा याकूब मलाच देऊन गेला.

आज आठवड्यात पहिल्यांदा घर उबदार आहे.

बुधवार, ता. २१ नोव्हेंबर

दुपारी चारला परतलो. सडकेकडच्या खिडकीच्या लांबीत बोटांचे ठसे. चार बोटे एका ओळीत रुतलेली, आणि एके ठिकाणी नखाने लांबी उकरून काढलेली.

हिरीबाईला रागावलो. तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. जन्मभर शेण-लाकूड उचललेली तिची बोटे जाड, पेरे सुजलेली. मी हजारो हात हातात धरले आहेत, मला पाहताच कळले. ते ठसे तिचे नव्हेत. अरुंद, लांब बोटे. तरुण बाईची. अनामिकेच्या ठशावर अंगठीची आडवी रेघ.

मी जाताना दाराला कुलूप लावले होते, आणि ठसे आतल्या बाजूला आहेत.

लांबी पुन्हा भरली.

शनिवार, ता. २४ नोव्हेंबर

तेच तावदान निघाले. फुटले नाही. बाहेर मातीत सबंध पडलेले सापडले, गजांच्या पलीकडे. चारही कडांची लांबी आतून खरवडून काच बाहेर ढकललेली. चोराला आत यायचे असते. हे कोणाला तरी बाहेर जायचे होते.

हिरीबाईला समोर बसवले आणि सांगितल्याशिवाय उठू दिले नाही.

ठेकेदाराची सून होती, धनुबाई नावाची. पाच वर्षांपूर्वी तापाची साथ आली तेव्हा सगळे घर गाडीत बसून निघाले. हिला बसवेना. नवरा म्हणाला, तुला नीट न्यायला आठ दिवसांत दुसरी गाडी घेऊन येतो. पाण्याचे हंडे भरून ठेवले, आणि कोणी घर लुटू नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप घातले. ती खिडकीशी उभी राहून सडक पाहायची. काचेतून नीट दिसेना म्हणून तिने काचा फोडल्या. गजांमुळे तिला निघता आले नाही.

“तीन दिन मी गजमाईन पानी दिधं,” हिरीबाई म्हणाली. “चवथा दिन मीच पडनू. मन्हा घरमा दोन मरनात. मंग कोन देई?”

गाडी आलीच नाही. गावात असे म्हणतात की अजून ती रोज फुटक्या काचेतून बाहेर पडते, सडकेवर उभी राहते आणि दिवे लागायच्या वेळी परत आत येते. कोणाला त्रास देत नाही. म्हणून आधीच्या बिऱ्हाडकरूंनी काचा बसवल्या नाहीत.

हे सांगून ती पदराला डोळे पुसत बसली. मीही सोडून आलेल्यांपैकीच आहे. त्याच वर्षी माझी बायको निर्मला तापाने पडली होती आणि मी साक्री तालुक्यात साहेबांबरोबर फिरत होतो. घरून माणूस बोलवायला आला. दोन दिवसांत येतो, असे मी त्याला सांगितले. पाचव्या दिवशी पोचलो.

बुधवार, ता. २८ नोव्हेंबर

आज ते तावदान बसवले.

थंडी फार आहे, म्हणून. असे लिहिले खरे, पण इथे खोटे कशाला लिहू? चार दिवस ती जागा उघडी होती आणि चारही दिवस घर ओसाड वाटत होते. काचा बंद असतात तेव्हा तसे वाटत नाही. कोणीतरी खोलीच्या त्या टोकाला आहे, आपण जेवतो ते पाहते आहे, असे वाटते. मी भाकरी मोडताना सावकाश मोडतो.

रविवार, ता. २ डिसेंबर

रोज परतलो की लांबी उकरलेली असते. रोज मी ती भरतो. तिची बोटे जिथे रुतली तिथेच माझा अंगठा दाबतो. असे कोणाच्या हातावर हात ठेवून किती वर्षे झाली.

आज मोठ्याने बोललो. पाड्यावर काय झाले, कोणते पोर किती रडले. खिडकीशी कोणी हळू खोकले.

घाबरलो नाही. उलट बरे वाटले.

बुधवार, ता. ५ डिसेंबर

हिरीबाई पाया पडली. “सोडा तिले, डाक्तरभाऊ. तुम्हनं काय जास?” खरेच, माझे काय जाते? पाणी मीच भरीन, उद्यापासून येऊ नका, म्हणालो. ती घागर अंगणातच ठेवून गेली.

दुपारभर खिडकीवर नखांचा आवाज. मी ऐकत बसलो. कामावर गेलो नाही.

शुक्रवार, ता. ७ डिसेंबर

आज दुपारी आवाज थांबला आणि अगदी जवळून, आजारी माणसाने कोरड्या घशाने ‘आलात का’ विचारावे तसे—

“तुम्ही उनात?”

मी नाही म्हणायला हवे होते. मी कोण ते सांगायला हवे होते. निर्मलेनेही त्या पाच दिवसांत हेच विचारले असेल, असे मनात आले, आणि तोंडातून निघून गेले, “हा. उनू.”

त्यानंतर नखांचा आवाज नाही.

रविवार, ता. ९ डिसेंबर

लांबी जशीच्या तशी. दोन दिवस एकही ओरखडा नाही. ती आता खिडकीशी नसते. मी बसतो तिथे असते. पाठीशी. तिचा ताप जाणवतो, चुलीसमोर बसल्यासारखा.

हेच हवे होते ना मला?

मंगळवार, ता. ११ डिसेंबर

नको. झाले ते पुरे. मी त्या बाईशी खोटे बोललो, तेही मेलेल्या बाईशी. सकाळी चारही खिडक्यांची दारे सताड उघडली. मोठ्याने सांगितले, मी तुझा नवरा नाही, मी सुकलाल, देवी टोचणारा, जा बाई, सडक मोकळी आहे.

ऊन आत आले. काहीच हलले नाही. मग कानाशी, लाडाने—

“आते कोनी वाट देखू?” तिच्या लेखी वाट पाहायचा माणूस आला होता.

बुधवार, ता. १२ डिसेंबर

ताप आहे मला. दुपारी डोळा लागला. उठलो तो खिडक्या लावलेल्या. दारे आणि चौकटी यांच्या फटी लांबीने भरलेल्या, एकसारख्या, छान दाबून. याकूबच्या हातची वाटावी अशी. पण ठसे अरुंद आहेत. अंगठीची रेघ आहे.

माझेच पाहून शिकली.

लांबीचा डबा विहिरीत टाकायला निघालो. घराचे दार उघडेना. कडीच्या भोवती, उंबऱ्याच्या फटीत, बिजागऱ्यांत— तेलाचा वास.

डबा हातात हलका लागला; तो तर गेल्या आठवड्यातच रिकामा झाला होता.

गुरुवार

सुरीने उकरतो आहे. एक वीत निघते आणि पाणी प्यायला वळलो की भरलेली. रागावत नाही ती. हात बाजूला सारते, जसे आजारी माणसाला सारतात. पडून राहा, म्हणते.

तांब्याने सडकेकडची काच फोडली. गज. ओरडलो. सडकेवर एक गाडी होती, गाडीवाल्याने पाहिले, बैल पळवले. इथे ताप आहे हे गावाला कळले असणार. किंवा—

पाणी संपत आले.

शुक्रवार? ऊन आहे

फुटलेल्या जागी नवी काच. याकूबने ठेवलेली. कापली कशाने? हिरकणी तो घेऊन गेला—

तिची बोटे पाहिली आज. पहिल्यांदा. फक्त बोटे. माझ्या कपाळावर. कापलेली सगळी.

मी सांगितले, मी तो नाही. तिने ‘शूऽ’ केले.

ऊन

झोपायचे नाही. झोपलो की ती काम करते. आताच डोळा लागला होता, थोडाच— ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी घट्ट. बोटाने काढले. पांढरे. जवसाचा वास. उजवीकडे नीट दाबून बसवलेले, डावीकडे अजून—

बोलता येते अजून. अर्ध्या तोंडाने.

ती म्हणते, तुम्ही फार बोलता, मला ‘जा’ म्हणता.

हिरीबाई! अंगणात हिरीबाई आहे! घागर घ्यायला आली. हाक मारते आहे, डाक्तरभाऊ, डाक्तरभाऊ— थांब, हिरीबाई, जाऊ नको— खिडकीपर्यंत गेलो की एकदाच, मोठ्याने—

पाठीमागून हात. अंगठा ओठावर. सावकाश, दाबत, डावीकडू