कालव्याकाठची आरोळी

पॅरिस, ११ जून

प्रिय आई,

तुझा गुडघा बरा असेल, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं तू टाळतच असशील. मी ठीक आहे. काम वेळेवर चाललं आहे.

तुझ्या पहिल्या चित्रपटाची दुरुस्ती आमच्या प्रयोगशाळेकडे आली, हे तुला माहीत आहे. ऑगस्टमध्ये सेन्-लुईच्या उत्सवात तो तुझ्या गावी, सेतला, कालव्याकाठी दाखवणार आहेत. तू फोनवर म्हणालीस, "चाळीस चित्रपट केलेत मी. दुसरा कुठलाही दाखवा. याला मी येणार नाही." कारण सांगितलं नाहीस. ते मला जेन्नारोमामाकडून कळलं.

पडद्यावर मासे विकणारी तू, एकोणीस वर्षांची, आणि तोंडून येतोय पॅरिसच्या कुणा बाईचा आवाज. तुझी बोली निर्मात्याला चालली नाही. सेतच्या थिएटरात लोक खो-खो हसले, आजोबा मध्येच उठून गेले. मग तू बोलणं बदललंस, असुंताची क्लारिस झालीस, आणि तुझा एकही चित्रपट गावात बसून पाहिला नाहीस.

आता कामाचं. दिग्दर्शकाच्या घरून आलेल्या डब्यांत चित्रीकरणाच्या वेळी, नंतर दुसरा आवाज भरताना नुसती खूण म्हणून घेतलेला मूळ आवाज निघाला. तुझा. त्यात वारा आहे, कॅमेऱ्याची घरघर आहे. घरघर पूर्ण काढता आली असती, पण तिच्याबरोबर तुझ्या आवाजाची धारही गेली असती. म्हणून थोडी राहू दिली.

रविवारी सेतला जाऊन मामाला ऐकवलं. तो ऑक्टोपसचं सारण भरलेली तिएल खात बसला होता. एकमेकांना भाल्याने पाण्यात पाडायच्या झुंजीचा प्रसंग लागला: दोन होड्या समोरासमोर येतात, एक भालेवाला बिचकतो, आणि तू काठावरून ओरडतेस, "ए आंधळ्या, ढाल वर धर की! पाण्यात काय तुझी आजी ताट वाढून बसलीये?"

मामाचा घास हातातच राहिला.

"परत लाव."

परत लावलं.

"ही आमची असुंता! त्या पॅरिसवालीला आता ढकल कालव्यात. आणि तो आंधळा कोण, ठाऊक आहे? मी! लिहून दिलेलं वाक्य सोडून बाईसाहेबांनी सख्ख्या भावाला झोडपलं. पण पडलो का मी? नाही पडलो!" मग तो हसायचा थांबला. "बाबांनी हे ऐकायला हवं होतं गं."

आई, कामासाठी मी तुझे सगळे चित्रपट ऐकले आहेत. आवाजातली चूक शोधणं हा माझा धंदा आहे. या ओळीत मला काढण्यासारखं काही सापडलं नाही. ती मी कामाची वेळ संपल्यावरही बऱ्याचदा लावली. तपासणीसाठी नव्हे.

तुझा आवाज लावायला हक्कदारांची हरकत नाही. फक्त तुझा होकार हवा. दोन्ही आवाज तयार आहेत. नको म्हणालीस तर जुनाच जाईल, मी वाद घालणार नाही.

मामाने पहिल्या रांगेतली खुर्ची तुझ्यासाठी धरली आहे. "ये म्हणावं," तो म्हणतो, "नाहीतर तिच्या वाटचं मी ओरडेन, आणि ते कुणालाच परवडणार नाही."

त्या रात्री आवाजाच्या यंत्रापाशी मी असेन. तू हो म्हणालीस, तर त्या ओळीला आवाजाचं बटण एक खूण वर सरकवणार आहे. नियमात बसत नाही, पण पलीकडच्या काठालाही ऐकू गेलं पाहिजे.

असुंता दि रोक्कोची मुलगी,
ओरियान