बिनवासाचा गुलाब

अगं,

बाजारातून आलीस की आधी गुलाबाच्या पानांवर गोडं पाणी मार. सकाळपासून समुद्रावरून खारा वारा सुटलाय, पानं करपतील.

आता हसू नकोस. आज पोस्टमन फाटकाशीच थबकला आणि म्हणाला, "काका, काय सुरेख वास सुटलाय हो तुमच्या गुलाबाला!" मला वाटलं, चेष्टा करतोय. दोन वर्षं मी नर्सरीवाल्याच्या नावाने खडे फोडतोय, की रंग फिकट गुलाबी दिला पण झाड बिनवासाचं गळ्यात मारलं. तू म्हणायचीस, "येतो हो वास," तेव्हा वाटायचं माझी समजूत काढतेस. मग आत येऊन फिनेलची बाटली हुंगली. तिलाही वास नाही!

म्हणजे झाड धडधाकट आहे, बिघाड माझ्यात आहे. नाकाच्या डॉक्टरकडे चाललोय, जेवायच्या वेळेला येतो. दोन वर्षं तुझ्या स्वयंपाकाला चव नाही म्हणून कुरकुरलो, ते सगळं मागे घेतो.

पाणी मारताना एक फूल नीट हुंगून ठेव. वास कसा आहे ते आल्यावर मला सांग. सावकाश सांग, घाई करू नकोस.