कोठीला काय द्यावं

६ फेब्रुवारी १८६५, सोमवार. अमरावती.
आजपासून रोजनिशी. कचेरीतला कारकून म्हणाला, मोठी माणसं लिहितात. अगदी प्रायव्हेट. आमच्या बायकोला, जमुनेला, वाचता येत नाही, तरी उशीखाली ठेवणार. भाषा शुद्ध ठेवायची, घरात बोलतो तसली वऱ्हाडी नको. जमतील तिथे इंग्रजी शब्द.

विशेष गोष्ट अशी की नागपुरी वेशीजवळच्या धर्मशाळेत धान्याची कोठी उघडली आहे. साऱ्या वऱ्हाडाने ज्वारी सोडून कपाशी पेरली. मीही तीन वर्षं नुसती कपाशीच पेरतो. हातात पैसा खेळू लागला आणि बाजारातून दाणा नाहीसा झाला. ज्यांना शेत नाही ते उपाशी. त्यांना कोठीतून भाकरी मिळते. ज्याला जे शक्य असेल त्याने उपयोगी सामान आणून द्यावं असं ठरलं. कचेरीतले साहेब येऊन पाहून गेले. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. त्या अर्थी मी कोठीच्या कमिटीचा मेंबर आहे, असं धरून चालतो.

कोठी गोदाबाई चालवते. माळ्याच्या घरची विधवा, वेशीबाहेर तिची वांग्या-मिरच्यांची वाडी आहे. मी विचारलं, काय द्यावं? म्हणाली, ज्वारी. ज्वारी नसेल तर मीठ द्या, जळतण द्या, मडकी द्या. मी, खुशालराव पाटलाने, मडकी द्यायची! बाई अडाणी आहे, सोडून दिलं.

निश्चय: द्यायचं ते मोठं द्यायचं. जमुना म्हणाली, घरात ज्वारीची पोती आहेत, त्यातलं एक पाठवा. घरची ज्वारी घरासाठी असते हे तिला समजावलं.

९ फेब्रुवारी. सकाळ.
सुचलं. कॉफी!
गेल्या वर्षी चिखलदऱ्याहून एक अख्खं पोतं आणलं होतं, साहेब लोक पितात म्हणून. आमच्याकडे कोणी पीत नाही. मी एकदा प्यालो, रात्रभर छाती धडधडत होती. ताकदीची वस्तू आहे. उपाशी माणसाला ताकदच हवी. पोतं गड्याबरोबर पाठवलं. स्वतः गेलो नाही. मोठेपणा मिरवायला आवडत नाही.

१० फेब्रुवारी.
कोठीत कॉफी काय हे कोणाला माहीत नव्हतं. बायांना वाटलं, डोंगरातली एखादी डाळ असेल. हंड्यात टाकली, मीठ-हळद घातली आणि शिजवत बसल्या. दाणा मऊ होईना. दुपार झाली तरी होईना. जळतण संपलं. लोक रांगेत बसून होते, त्यांना काळं कडू पाणी मिळालं. काहीजण तेही प्याले.
यात माझा दोष नाही. कॉफी उत्तम होती.
गोदाबाईने निरोप पाठवला की जळतण भरून द्या. उत्तर दिलं नाही.

३ मार्च.
बरेच दिवस लिहिलं नाही. कामात होतो. काम म्हणजे विचार. माझा कापूस अकोल्याच्या वखारीत पडून आहे. अडत्या म्हणतो विका. मी म्हणतो थांबा, रेट अजून चढणार. मला आतून कळतं.
कोठीत गर्दी फार वाढली आहे म्हणे. लोक भाकरीवरून भांडतात. मला वाटतं, खरी उणीव अन्नाची नाही, शिस्तीची आहे. सगळे एकदम येतात. टाइमच नाही कशाला.
मुंबईहून आणलेलं आपलं भिंतीवरचं घड्याळ देऊन टाकतो. मन घट्ट केलं.

७ मार्च.
घड्याळ परत आलं.
मी स्वतः जाऊन ते धर्मशाळेच्या ओसरीवर लावलं होतं. लोकांना सांगितलं की बाराचे ठोके पडले की जेवण. लोकांनी ऐकलं, हे मानायला हवं. दुसऱ्या दिवशी सगळे घड्याळाखाली येऊन बसले. त्या दिवशी कोठीत दाणाच आला नव्हता. बारा वाजले. ठोके पडले. सगळे उठून उभे राहिले. हातात पानं, वाडगे. स्वयंपाकघरात चूल थंड.
परत खाली बसले. एक म्हातारी मात्र एकचे ठोके पडल्यावर पुन्हा उठली.
गोदाबाईने घड्याळ उतरवून घरी पाठवलं. निरोप एवढाच: ‘भाऊ, हे ठेवा तुमच्यापाशी. ते वाजते तं लोकायच्या पोटात तुटते.’
आज जेवण गेलं नाही. हवा बदलली असेल.

१० एप्रिल. संध्याकाळ.
आजचा दिवस मोठा.
कोठीत सभा झाली. ज्याने त्याने उठून सांगितलं, मी अर्धं पोतं देतो, मी पायली देतो. माझी पाळी आली. सगळे कॉफीच्या आठवणीने हसत होते, किंवा मला तसं वाटलं. मी उभा राहिलो. बाळापूरकडल्या आमच्या गावी गावठाणाच्या पांढरीत आमचं जुनं पेव आहे, दाणा साठवायला जमिनीत खोल खणलेलं, वडिलांच्या वेळचं. म्हणालो, माझं पेव उघडतो. तळापर्यंत ज्वारी आहे. सगळी कोठीची.
मग गोदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पदराने पुसलं. माझ्यामुळे कोणी असं रडल्याचं मला तरी आठवत नाही.
जमुनेला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, पेवात ज्वारी आहे का अजून? मी म्हणालो, पेव आहे म्हणजे ज्वारी असणारच. नाहीतर पेव कशाला म्हणतील?

१३ एप्रिल.
गाडीवानांनी बातमी रस्तोरस्ती नेली. नांदगाव खंडेश्वरकडून माणसं निघाली आहेत, कुटुंबंच्या कुटुंबं. खुशालरावाचं पेव उघडणार म्हणून. वेशीवर विचारतात, पेव कुठे?
उद्या पहाटे निघतो. माझी बसायची गाडी, दमणी, आणि माझे दोन्ही पांढरे बैल. परत येताना पोत्यांच्या गाड्या मागे असतील. ऊन भयंकर आहे, पण अशा कामात ऊन मोजत नसतात.

१७ एप्रिल. आमचं गाव.
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
काल दुपारी पोचलो. आमची शेती बटाईने करणारा सूर्यभान पेवापाशी घेऊन गेला आणि चाचरत म्हणाला, पेव तर रिकामं आहे. दोन पावसाळ्यांमागे मीच निरोप पाठवला होता म्हणे, ज्वारी विकून टाक, कपाशीचं बी घे. मला असलं काही आठवत नाही. मी असं सांगणारा माणूस नव्हे. सांगितलं असलंच तर घाईत सांगितलं असेल.
मी म्हणालो, तळाशी थर राहिला असेल, उतर. त्याची बायको मनकर्णाबाई मध्ये आली. म्हणाली, ‘मालक, तोंड उघडं राहू द्या रातभर. आतली हवा वाईट असते. सकाळी उतरतीन ते.’
मी म्हणालो, तिकडे माणसं वाट पाहत आहेत, एक रात्र म्हणजे किती वेळ ते तुम्हाला काय कळणार. हे मी खरंच त्यांच्यासाठी म्हणालो. निदान तेव्हा तसंच वाटत होतं.
सूर्यभान दोर बांधून उतरला. दोन हाका दिल्या. तिसरीला उत्तर आलं नाही.
दोर ओढला. मीही ओढला, मागून. वर आला तेव्हा मान लोंबत होती, ओठ निळे. बाभळीखाली आडवा केला. मनकर्णाबाई त्याच्या तोंडावर पाणी मारत होती, पदराने वारा घालत होती, नावाने हाका मारत होती. नवऱ्याचं नाव कधी घेत नसेल ती.
खूप वेळाने त्याने डोळे उघडले. त्याची मूठ आवळलेली होती. उघडली तर काळा, कुबट चिखल आणि त्यात चार दाणे.
माझ्याकडे बघून म्हणाला, ‘पाहा मालक. एवढंच हाय.’
मी निघालो तेव्हा मनकर्णाबाईने आत जाऊन दार लावून घेतलं.

१९ एप्रिल. अकोला.
नवा प्लॅन. अमरावतीला रिकाम्या हाताने जाता येणार नाही. वखारीत माझा कापूस आहे. तो द्यायचा, ज्वारी घ्यायची. साधं आहे. सूर्यभान बरा आहे असं एका गाडीवानाने सांगितलं. आता नशीब फिरलं समजायचं.

२२ एप्रिल. अकोला.
अमेरिकेतली लढाई संपत आली, तिकडचा कापूस पुन्हा बाजारात येणार अशी बोलवा आहे. कापसाचं नाव काढलं की लोक दुसरीकडे बघतात. माझा अडत्या दुकानात नाही म्हणून सांगतात, आणि तो आतून खोकतो ते ऐकू येतं.
दाण्याच्या दुकानांतून फिरलो. एकाने मला पाणी दिलं आणि विचारलं, हा कापूस खाता येतो का? तो थट्टा करत नव्हता. त्याच्या दुकानातही दाणा संपत आला होता.
फेब्रुवारीच्या थंडीत गोदाबाईने धर्मशाळेच्या पटांगणात झोपणाऱ्यांसाठी थोडा कापूस मागितला होता, गोधड्या भरायला. मी नाही म्हणालो होतो, रेट चढणार म्हणून. हे तेव्हा रोजनिशीत लिहिलं नव्हतं. महत्त्वाचं वाटलं नसेल.

२४ एप्रिल. अकोला.
जमलं! दमणी आणि दोन्ही बैल एका सावकाराला दिले. त्याने सहा पोती ज्वारी दिली. बैल जाताना मागे वळून पाहत होते. मी पाहिलं नाही. खरं म्हणजे पाहिलं.
सहा पोती! माणूस ठरवतो तेव्हा होतं. जन्मात इतका हुशारीचा सौदा केला नाही.

२४ एप्रिल. थोड्या वेळाने.
पोती न्यायला गाडी नाही. बैल नाहीत.

२५ एप्रिल.
गाडीवान भाडं म्हणून पैसे घेत नाही. पैसा चावता येत नाही, म्हणतो. तीन पोती भाड्याची, तीन माझी. नाहीतर तुम्हीच डोक्यावर न्या, म्हणाला. रडकुंडीला येऊन कबूल झालो. गाडीत जागा नव्हती म्हणून बरंचसं मागून चालतो आहे. पायाला फोड. जोडा गाडीत टाकला.
सारखं मनात येतं की पोचायच्या आधीच ते लोक निघून गेले असतील. मग येतं की गेले असतील तर बरं. मग स्वतःचीच भीती वाटते.

२९ एप्रिल. अमरावती.
पोचलो. आधी घरी गेलो. दाराला कुलूप. घड्याळ आत वाजत होतं.
धर्मशाळेत जमुना सापडली. गोदाबाईशेजारी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, हात कोपरापर्यंत पिठाचे. घरातली ज्वारी तिने केव्हाच इथे आणून टाकली होती. सगळी. नांदगावची माणसं आली, पेव आलं नाही, तेव्हा दुसऱ्याच दिवशी.
मी म्हणालो, मला विचारायचं तरी. ती भाकरी उलटत म्हणाली, ‘तुमीच शब्द देल्ता ना? मंग तो कोन पाळाचा?’
माझी तीन पोती उतरवून घेतली. गोदाबाईने एका पोत्यात हात घालून दाणा पाहिला, दाताखाली धरला आणि मान हलवली. साहेबांनी हलवली होती तशी नाही. वेगळी.
मग मला म्हणाली, उभे राहू नका, विहिरीवरून पाणी आणा. आणलं. संध्याकाळपर्यंत आणलं. सूर्यभान, बैल, दमणी, कशाचाच विचार करायला वेळ मिळाला नाही. ही त्यातली चांगली गोष्ट.

३० एप्रिल, रविवार.
कालच्या पोत्यांपैकी एक आज दुपारीच संपलं. दोन दिवस निघतील. पुढचं माहीत नाही. प्लॅन सुचत नाही. सुचला तरी कोणाला सांगणार नाही.
आज पाणी भरून झाल्यावर भाकरी वाढायला लावलं. रांगेत नांदगावकडचा एक म्हातारा होता. भाकरी घेतली पण पुढे सरकेना. मला नीट न्याहाळून म्हणाला, ‘भाऊ, तुमी इथलेच दिसता. तो पेववाला खुशालराव ओयखता का?’
मी विचारलं, काहून? तोंडातून घरची वऱ्हाडीच निघाली.
म्हणाला, ‘त्याच्या भरवशावर आमी निंघालो घरून. माही बुढी रस्त्यातच गेली. पेव पाहू म्हणे, पेव पाहू म्हणे. त्याले काही बोलाचं नाही मले. फक्त एक डाव पाहाचं होतं, कसा दिसते तो.’
मागची माणसं थांबली होती. जमुनेचा भाकरी थापायचा आवाज बंद झाला.
मी म्हणालो, ‘नाही ओयखत. मी नवा हाओ इथं. पाणी भरतो.’
म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पुढे गेला. मी पुढच्याच्या हातावर भाकरी ठेवली.