घर लेलँडला, हत्यारं ब्रूनोंना

मी, ऑगस्ट होल्मबर्ग, वय एकाहत्तर, निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, राहणार सॅन फ्रान्सिस्को, माझ्यामागे काय कोणाला जावं ते राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर सामानासकट माझा जोडीदार लेलँड फोंग याला मिळावं. आम्ही तीस वर्षं एकत्र राहतो. माझा भाऊ रॉय त्याला अजून ‘भाडेकरू’ म्हणतो. घरावर रॉयचा काडीचाही हक्क नाही.

२. माझी सगळी हत्यारं माझे जुने मालक ब्रूनो पेलेग्रिनी यांना द्यावीत. याचं कारण लिहिणं भाग आहे.

लेलँडच्या हृदयाची झडप बदलायची होती. त्याचं शिंपीकामाचं दुकान बंद पडलेलं, विमा नव्हता. मी ब्रूनोंना म्हणालो, “कामगारांच्या बायका कंपनीच्या विम्यात घेता, तसं लेलँडला घ्या.”

“ऑगी, लेका, आज तुझा मित्र घेतला, तर उद्या कोणी कुत्रा घेऊन येईल!”

मी काम सोडलं नाही. त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पुढे शहराच्या पालिकेने नियम केला : पालिकेचं कंत्राट हवं, तर नवरा-बायकोंना देता त्या सवलती लग्नाविना राहणाऱ्या जोडीदारांनाही द्या. आमची कंपनी पालिकेच्या इमारतींतल्या लिफ्टांवरच जगत होती. ब्रूनोंनी शिव्या घातल्या आणि सही केली.

लेलँडचं नाव नोंदवायला मी सकाळी लवकर ऑफिसात गेलो, तर माझ्याआधी ब्रूनोंची बहीण इनेस हजर. ऑफिस तीच सांभाळायची. हातात तोच जोडीदाराचा अर्ज भरलेला, सोबत तिची मैत्रीण व्हेरा, जी दर नाताळला ब्रूनोंच्याच टेबलावर जेवायची.

“हे काय गं?” ब्रूनो म्हणाले.

“तुला माहीत होतं,” इनेस म्हणाली. “तू विचारलं नाहीस, एवढंच.”

ब्रूनो खुर्चीत बसले. मग माझ्याकडे वळून खेकसले, “तू काय बघत उभा राहिलायस? ऑपरेशन कधी आहे त्याचं?”

ऑपरेशनच्या दिवशी ते हॉस्पिटलात माझ्याशेजारी संध्याकाळपर्यंत बसले. दोनदा सँडविच आणलं, दोन्ही वेळा अर्धं स्वतः खाल्लं. लेलँड वाचला.

३. माझं दहन करावं. भाषणं नकोत. लेलँडने तांदळाची पेज करावी. ज्यांना आवडत नाही त्यांनी घरून जेवून यावं.

४. लेलँडने एकट्याने दिवस काढू नयेत. कोणी भला माणूस भेटला तर त्याला खुशाल या घरात आणावं, माझी हरकत नाही. मात्र त्याच्या नोकरीत विमा असावा.

(सही) ऑगस्ट होल्मबर्ग
साक्षीदार : (सही) थेल्मा ऑकिन्लेक, शेजारीण
(सही) रुबेन साल्दान्या, शेजारी
सॅन फ्रान्सिस्को, ४ नोव्हेंबर २००२