झाकणाची कोठी

मालेगाव, जि. वाशीम
६ जानेवारी २०२५

चि. सायलीले पंचफुलाआजीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

साऱ्या दुनियेले मोबाइलच्या सूचना लिहून देतं, अन् आपली आजी अंगठेबहाद्दर हाये हेच विसरली ना वं! हे पत्र उज्ज्वलाकाकू लिहून राह्यली अन् हसून राह्यली.

तुया आबाचा दवाखान्यातला, फोनात भरलेला शेवटचा आवाज जपाले तू कागद धाडला. ‘जतन करा’ हे बटण दाबा, असं काकूनं वाचून दाखवलं अन् ते मेथी खुडाले गेली. अक्षरं मले सारखेच दिसतात, चित्रं तेवढे समजतात. एक चित्र आपल्या झाकणाच्या कोठीसारखं दिसलं. जतन कराचं म्हंजे कोठीतच ना? दाबलं. फोननं काही इचारलं, पुन्हा दाबलं.

आता आवाज लागून नाई राह्यला. सायली आली का, आलेपाक आणला का, असं आबा त्यात इचारते. रोज चहासंगं आयकत होती. कोठीतून काढाचं बटण कोणतं, तेवढं कळव.

तुई आजी

पुणे
१४ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, ती कोठी नाही, कचऱ्याचा डबा आहे. आवाज पुसला गेला. माझ्या सांगण्यावरून काकूच्या विकासदादानं फोन वाशीमला दुकानात दाखवला. परत निघत नाही म्हणाले. दुसरीकडं तो कुठंच नव्हता.

आमच्या कामात नियम आहे, बटणावर जे नाव तेच सूचनेत लिहायचं, चित्राबद्दल बोलायचं नाही. तुझा कागदही मी तसाच लिहिला. आणि आजी, तो आवाज मी कधी ऐकलाच नाही. गावी आल्यावर ऐकू, म्हणत राहिले.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझी सायली

मालेगाव
२० जानेवारी

चि. सायलीले आशीर्वाद.

कचऱ्याले कोणी झाकण लावते का वं? आमचा कचरा उकिरड्यावर जाते. झाकण दाण्याले. त्या चित्राखाली तुया हापिसात लिव, याच्यात ठेवलेलं वापस भेटत नाई. नियमात बसत नसंन तरी लिव.

आज सकाळी फोन उगाच कानाले लावला. थोडा येळ तसाच धरला.

तू आयकलं नाई, तं काकूच्या हातानं लिहून देतो. आबा पहिले खोकलला. मंग मायं नाव घेतलं. मंग थांबला, दम लागला होता. मंग तुयं नाव, जरा मोठ्यानं, तू दारातच उभी असल्यासारखं. अन् आलेपाकाचं इचारलं. एवढंच होतं. मले जसं याद हाये तसं सांगितलं. उद्या एवढंही राह्यते का, काय माईत.

रडू नको, जीव लावत राय. अन् आलेपाक पाठव. आणला का म्हणून इचारनारं कोणी नाई, तरी पाठव.