डिफ्रॉडचा कर्ता

११ नोव्हें., मंगळ.
दहावी ब. ‘डिफ्रॉड’ शिकवलं. चीट आणि डिफ्रॉड यात फरक काय, असं एका मुलीनं विचारलं. सांगितलं, चीट परीक्षेतही करता येतं, पत्त्यांतही. डिफ्रॉडला पैसा नाहीतर मालमत्ता लागते, आणि खोटं लागतं. चुकून झालं तर ते डिफ्रॉड नव्हे. फळ्यावर वाक्य : ‘ही डिफ्रॉडेड द विडो ऑफ हर लँड.’ कर्म कोण? विधवा. जमीन मागून, ‘ऑफ’ लावून. आपण म्हणतो जमीन लाटली, पैसे खाल्ले. कोणाचे, ते विचारावं लागतं. इंग्रजीत आधी माणूस.
तास छान झाला. चार वाजेपर्यंत तेवढंच सुख.
घरी येताना शेलूबाजारच्या भाजीबाजारात कमलाबाई. मेथी-सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकते, जुनी ओळख. म्हणाली, “शरदभाऊ आठ दिवस झाले पैसे घ्याले आला नाई. वाशीमच्या हापिसाले कुलूप हाय म्हन्तेत.”
शरद माझा धाकटा भाऊ. एका ठेव कंपनीचा एजंट. भाजीवाल्या बायांकडून रोज थोडे थोडे गोळा करतो, वर्षाने व्याजासकट परत. फोन लावला. बंद.

१२ नोव्हें., बुध.
शाळा सुटल्यावर शरदकडे. आई त्याच्याकडेच असते. तो जेवत होता, फोन मुद्दाम बंद. “ताई, कंपनीवाले पयाले. मीबी फसलो. मले काय मालूम होतं?” घास तसाच हातात, आणि रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच. पाठीवर हात ठेवला.
येताना भेटेल त्याला सांगत आले, त्यालाही फसवलंय हो.

१५ नोव्हें., शनि.
मधल्या सुट्टीत नऊ बाया शाळेत. पुढे कमलाबाई. त्यांचा वकील म्हणाला, कंपनी परराज्यातली, पोलिसांत अर्ज मराठीत एक आणि इंग्रजीत एक द्या. “इंग्रजीतला तुमी लिहा, म्याडम.” हो म्हटलं. जाताना म्हणाली, रागानं नाही, “आमी कंपनी नाई पाह्यली. तुमाले पाहून देल्ले.”
खरं आहे. दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं तिनं, “तुमचा भाऊ हाय, देऊ का?” मी वांगी निवडत होते. “दे, घरचाच आहे.” मान वरसुद्धा केली नव्हती.

१६ नोव्हें., रवि.
पावत्या बघायला शरदकडे. भावजय, रेखा, चहा गाळता गाळता बोलून गेली, “आपलं तं बरं झालं ताई. यायनं आपले पैसे दसऱ्याच्या आंधीच काढून घेतले. नाईतं आपुनबी बुडलो असतो.” मग तिच्या लक्षात आलं. गाळणी तशीच धरून उभी.
शरदला विचारलं, “म्हणजे तुला माहीत होतं. आणि दसऱ्यानंतर महिनाभर बायांकडून घेत होतास?”
“वरून सांगून राह्यले होते, चालू ठेव. थांबलो असतो तं सगळ्यायले समजलं असतं.”
चहा न पिता उठले. बुधवारच्या रडण्याचं काय करायचं आता...

१८ नोव्हें., मंगळ.
आज सुट्टी टाकली. अर्ज. पहिलं वाक्य पटकन जमलं : ‘वुई हॅव बीन डिफ्रॉडेड ऑफ अवर सेव्हिंग्ज.’ वर्गात सांगते ना, पॅसिव्हमध्ये कर्ता महत्त्वाचा नसेल तर ‘बाय’ गाळता येतं. गाळलं. व्याकरणात कुठे चूक नाही.
दुपारी कमलाबाई आली. वाचता येत नाही तिला. कागद उजेडाकडे धरला. “यात शरदभाऊचं नाव कोठी हाय?”
मी बोट ठेवलं. ‘सेव्हिंग्ज’वर.
त्या शब्दावरून तिनं अंगठा फिरवला. “बरं,” म्हणाली. पाणीही न पिता गेली.
यात पैसा नव्हता, म्हणून डिफ्रॉड नाही. चीट.

२० नोव्हें., गुरु.
तो कागद फाडला. नवा लिहिला. शरदचं पूर्ण नाव, गावासकट. दसऱ्याआधी स्वतःचे काढले ते. नंतर घेतले ते. ‘नोइंगली’ हा शब्दही टाकला. एक प्रत शरदकडे देऊन आले. पाठीमागून कळायला नको. तो घरी नव्हता. आई होती.
“भावाले जेलात धाडून तुले काय भेटन?”
“आई, त्या बायांनी मले पाहून देल्ले.”
“मंग तू भरून दे त्यायचे.”
नऊ जणींचे कुठून भरू? घरी हे म्हणाले, तू मध्ये पडू नको. मध्येच तर आहे.

२१ नोव्हें., शुक्र.
बाजारात कमलाबाईला सगळं सांगितलं. पहिल्या कागदात नाव नव्हतं, बोट खोटं होतं. ती जुडी बांधतच राहिली.
“मले वाटलंच होतं.”
“कसं काय?”
“तुमी बोट लय लवकर ठेवलं.”
जुडी बाजूला ठेवली. “आता तुमचंबी नाव टाका. तुमाले पाहून देल्ले, तेबी लिहा.”
लिहिलं. माझ्या नावापुढे नेमकं क्रियापद सापडेना. मला माहीत नव्हतं, तेव्हा शब्दकोशाप्रमाणे मी सुटते. शब्दकोशाला बाजारात यावं लागत नाही.

२४ नोव्हें., सोम.
वाशीम. पोलीस ठाण्यात साहेबांनी दोन्ही अर्ज वाचले. “ही म्याडम कोण?” बायांनी माझ्याकडे पाहिलं.
“मी.”
“एजंटची बहीण?”
“हो.”
त्यांनी चष्मा काढून पुसला. “गुरुवारी त्याला घेऊन या, जबाब घेऊ. आला नाही तर आम्ही येऊ.”
परतीच्या जीपमध्ये कमलाबाईनं सरकून जागा दिली. बाया आपसात मेथीचा भाव बोलत होत्या. मला कोणी काही विचारलं नाही.

२६ नोव्हें., बुध.
संध्याकाळी शरद आला. आत ये म्हटलं, आला नाही, ओट्यावर टेकला. अर्जाची प्रत खिशात, घडीवर घडी. उलगडून एका शब्दावर बोट ठेवलं.
“ताई, नोइंगली म्हंजे काय?”
“माहीत असून.”
त्यानं तो शब्द अंगठ्यानं झाकला. “हा एवढा काढता येते का?”
“तुला माहीत नव्हतं असं म्हण माझ्यासमोर. आत्ता काढते.”
म्हणाला नाही. कागदाची पुन्हा घडी केली. उठला, चप्पल घातली, फाटकापर्यंत गेला.
“उद्या जीप कितीची हाय?”
“नऊची.”
येतो म्हणाला नाही. येत नाही असंही म्हणाला नाही.