मांडीवर कापू नये

आई,

तुला वाकून नमस्कार. पाठ धरली आहे, तरी पूर्ण वाकले हे लक्षात घे.

मी बरी आहे. काम जरा मंद आहे, पण चालू आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? बाबा अजून चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात का?

व्हिडिओ एडिटिंगसाठी, म्हणजे तुझ्या भाषेत व्हिडिओ कापायला-जोडायला, कॉम्प्युटर घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला, "डेस्कटॉप घ्या, तो दमाचा असतो, तापत नाही." तूही फोनवर तेच म्हणालीस, "टेबलावरचाच घे. मांडीवर कधी कापू नये." मी दुकानातच हसले. ब्लाउजपीस मांडीवर घेऊन कापताना तू स्वतःच्याच निऱ्यांना कात्री लावली होतीस, आणि कापलेली बाजू आत खोचून ती साडी वर्षभर नेसलीस.

तरी मी लॅपटॉप घेतला. रागावू नकोस. तुझं शिवणाचं मशीन खिडकीपाशी ठाण मांडून बसलेलं. शाळेतून येताना त्याची खडखड कोपऱ्यावरूनच ऐकू यायची आणि आई घरी आहे हे कळायचं. तो आवाज अजून कानात आहे. पण मावशीने कितीदा बोलावलं, तू दरवेळी म्हणालीस, "मशीन सोडून कशी येऊ?" परवा तू मला "कधी येतेस" विचारलंस, तेव्हा माझ्याही ओठांवर तेच आलं होतं.

म्हणून माझं हे मांडीवरचं मशीन घेऊनच येते. तुझ्या शेजारी एक टेबल लाव, कापीन टेबलावरच. मांडी तेवढी रिकामी ठेव, मला डोकं टेकायचंय.

तुझीच,
निऱ्या बघून हसलेली